म्हशीचा थायरॉइड

आमच्या सासूबाई रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी म्हशीचं रक्त तपासून आणलं आणि "हिचा थायरॉइड मंदावला" असं सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग म्हणाल्या, "अवं बाई, मंग माह्यातलीच अर्धी गोळी देतो ना तिले!"

मला हसू आवरेना. खरं तर हसायची वेळ नव्हती. ही म्हैस माझ्या बाबांनी लग्नात आंदण दिलेली, वगार, म्हणजे लहान पारडी होती तेव्हापासून माझ्या हातची. विऊन वर्ष उलटलं तरी ती माजावर येईना, म्हणजे पुन्हा गाभण राहायचं नावच नाही, आणि सासऱ्यांनी फर्मान काढलेलं, "संक्रांतीपर्यंत नाई आली तं इकून टाकतो. फुकट कोन चारते?"

फुकट कसलं! कामरगावजवळ आमचा भाजीचा मळा. बाजारात न्यायच्या आधी फुलकोबी तासायची, पत्ताकोबीची वरची पानं काढायची आणि तो ढीगभर पाला म्हशीपुढे ओतायचा. हिरवं म्हणजे दूध, हा आमच्या घरचा कायदा. कडबा जवळजवळ बंदच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट भरते, पण रक्तात साखर कमी. वरून रोज एवढी कोबी, त्यानं थायरॉइड दबते. तिच्या अंगाले वाटते दुष्काळ पडला. दुष्काळात लगन कोन काढते?"

"म्हंजे आमी लाड करून राह्यलो अन् थे उपाशी?" सासूबाई फणकारल्या. पण ऐकलं. पाला मूठभर झाला. कडब्याची कुट्टी, ज्वारीचा भरडा, सरकीची ढेप सुरू झाली. माजाची खूण दिसते का म्हणून मी येता-जाता म्हशीच्या शेपटीखाली डोकावायची. नवरा म्हणे, "माह्याकडं कधी एवढं पाह्यलं काय?"

संक्रांत आली, म्हैस ढिम्म. दुसऱ्याच दिवशी आसेगावचं गिऱ्हाईक दारात हजर. त्यानं दात पाहिले, कास चाचपली. मी म्हशीचं दावं धरून उभी. आणि तेवढ्यात म्हैस अशी रेकली, अशी रेकली! शेपूट वर, खाली चिकट पारदर्शक तार.

"आली! आली! माजावर आली!" मी सासऱ्यांच्या देखत नाचतच सुटले. शेजारीण धावत आली, "कोन आली वं?" सासूबाई म्हशीच्या गळ्यात पडून हसतायत, नवरा डॉक्टरीणबाईंना फोनवर बोलावतोय आणि आनंदात स्वतःचं नावच सांगायला विसरलाय.

गिऱ्हाईक पक्कं बेरकी. त्यानं तिथल्या तिथं भाव वाढवला. सासरे मिशीवर हात फिरवायला लागले, आणि मी नाचायची थांबले.

"मले काय इचारता?" सासरे म्हणाले. "म्हैस सुनबाईच्या बापानं देल्ली हाये. तिले इचारा."

मला? लग्न होऊन या घरात आल्यापासून काही विकताना मला कोणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं.

"नाई देत," मी म्हणाले. ते ऐकायला इतकं छान वाटलं, की मी पुन्हा एकदा म्हणाले.