जामीनदाराची सही

निवृत्त पोलीस भेटला की लोक खून आणि दरोडे विचारतात. मीही ते सांगतो, पण सांगताना तपशील आता इकडचा तिकडे होऊ लागला आहे. रत्नागिरीतले एक साधे सहीचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे लक्षात आहे. त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही की कुणाच्या घरी चोरी झाली नाही. तरीही त्या प्रकरणाने माझी जबाब घेण्याची पद्धत बदलली. संबंधितांची नावे देत नाही. मुकादम, त्यांची पत्नी म्हणजे काकू आणि त्यांची पुतणी एवढी ओळख पुरे आहे.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षे. मी ठाण्यावर फौजदार होतो. मे महिना संपत आला होता. त्या दिवसांत आमच्याकडे आंब्याच्या चोऱ्या आणि बांधावरच्या मारामाऱ्या यांखेरीज फारसे काम नसे. एका सकाळी हजेरी आटोपून टपाल फोडले, तर त्यात मॅजिस्ट्रेटसाहेबांकडून चौकशीसाठी आलेली एक फिर्याद होती. बनावट सहीचा गुन्हा पोलिसांनी आपण होऊन हाती घ्यायचा नसतो. मॅजिस्ट्रेटांनी विचारले तर चौकशी करून अहवाल द्यायचा, एवढेच आमचे काम.

फिर्यादी होते खाडीपलीकडच्या गावचे एक गृहस्थ. मुंबईच्या गोदीत वीस वर्षे मुकादमी करून वर्षभरापूर्वीच ते कायमचे गावी आले होते. त्यांच्या भावामागे राहिलेली एक मुलगी त्यांच्या घरी वाढली होती. मुलगी मॅट्रिक झाली होती, चांगल्या गुणांनी झाली होती, आणि तिला मुंबईला डॉक्टरकी शिकायची होती. तिथल्या एका शिक्षण निधीने तिला शिक्षणासाठी कर्ज मंजूर केले होते. नोकरी लागल्यावर फेडायचे, अशी अट. निधीला जामीनदार हवा होता, आणि जामिनाच्या कागदावर मुकादमांची सही होती. निधीकडून पोच आली, ती नेमकी मुकादमांच्या हातात पडली. त्यांचे म्हणणे असे की, ही सही मी केलेलीच नाही.

मी फिर्याद वाचत असतानाच आमचा हवालदार, जो त्याच बाजूचा होता, टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "सायब, गावात बोलतायत की सही पोरीनंच मारली. परवाच्या बोटीनं ती मुंबईला जायची हाय. पावसाळ्याआधीची ही शेवटचीच बोट."

एवढी खबर आल्यावर कुठलाही फौजदार करील तेच मी केले. चौकशी पुरी होईपर्यंत मुलीने रत्नागिरी सोडू नये, असा निरोप धाडला. तसा निरोप धाडण्याचा मला कायद्याने किती अधिकार होता, हे आज कुणी विचारले तर मी गप्प बसेन. मुलीने मात्र तो हुकूमच मानला. तिसऱ्या दिवशी बोट बंदराबाहेर उभी राहिली, उतारू पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, तिच्याकडे गेले, आणि ती घरीच राहिली.

पहिला जबाब मी तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा घेतला, कारण जामिनाच्या कागदावर 'सही ओळखीची आहे' असा शेरा त्यांचा होता. बाई पन्नाशीच्या, शांत. मी कागद पुढे ठेवला.

"ही मुकादमांची सही आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"सात वर्षं मी पालकांची सही म्हणून हीच पाहतेय. प्रगतिपुस्तकावर हीच, फीमाफीच्या अर्जावर हीच. यात एका रेघेचा फरक नाही."

"ते सही करताना तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"फौजदारसाहेब, त्यांना मी आजवर पाहिलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलींचे वडील मुंबईला असतात. सह्याच काय त्या येतात."

हे वाक्य मी जबाबात लिहून घेतले, पण त्याचा अर्थ त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला नाही.

मग मुलीला बोलावले. ती काकूंबरोबर आली. सतरा-अठरा वर्षांची, काठापदराचे धुवट लुगडे, डोळे सुजलेले. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "सही मी केली. काकूला काही ठाऊक नाही."

कबुली इतक्या लवकर आली की मी सावध होतो. मी तिला कोरा कागद दिला आणि काकांचे नाव लिहायला सांगितले. जामिनाच्या कागदावरची सही मोडीतली होती, सराईत, एका दमात उमटलेली. ही मुलगी शाळेत मोडी शिकली होती, पण तेवढ्यापुरती. दर अक्षराला तिचा हात थांबत होता. मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो. जो उचलतो त्याने मोडी वाचलेली असते, वापरलेली नसते.

"तू नाही केलीस," मी म्हणालो.

काकू बाकावर बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. दडपून गेलेल्या माणसाचे गप्प राहणे वेगळे आणि ठरवून गप्प राहणे वेगळे, हे ठाण्यात बसून कळू लागते. काकूंचे दुसऱ्या प्रकारचे होते.

आता जुन्या खऱ्या सह्या समोर असल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. मी मुकादमांना निरोप दिला की, तुमच्या सहीचे घरात जेवढे जुने कागद असतील तेवढे घेऊन या. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच होडीने खाडी उतरून आले. काखेत फडक्यात बांधलेले मोठे दप्तर होते.

"सगळं आणलंय. वीस वर्षांचं हाय," ते टेबलावर ठेवत म्हणाले. "कागद आमची मंडळीच ठेवते, पण एकही गेलेला नाय."

मी गाठ सोडली. आंब्याची कलमे दरसाल मक्त्याने, म्हणजे ठेक्याने, दिल्याचे कागद होते. सहकारी सोसायटीचे होते. शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेल्या तंट्यात मामलेदारांकडे केलेले चार अर्ज होते आणि मुकादमांच्या बाजूने झालेला निकालही होता. मी एकेक कागद टेबलावर पसरत गेलो. प्रत्येकावर तीच मोडी सही होती. मग त्यांच्या शेजारी मी फिर्याद ठेवली. ती कोर्टाबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याने लिहून दिली होती, पण खालची सही फिर्यादीने स्वतः केली होती, आणि ती वेगळी आहे हे लांबूनही ओळखता येत होते. बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरे, एकेक सुटे, शेवटचे ओळीखाली घसरलेले.

"मुकादम, यात तुमची सही कुठली?"

त्यांनी फिर्यादीवर बोट ठेवले. मग बोट तसेच ठेवून बाकीचे कागद पाहू लागले. मी घाई केली नाही. बाहेर पहाऱ्याची बदली झाली, शिपाई आत येऊन चावी ठेवून गेला.

"कुंपणाचे अर्ज पण आमच्या मंडळीचेच?" शेवटी त्यांनी विचारले.

"तुम्हीच सांगा."

"मी तर गोदीत होतो. सुटी मिळायची ती गणपतीला आणि शिमग्याला. हिला म्हणालेलो, माझ्या नावानं काय करायचं ते कर, मला कळवत बसू नको." ते थांबले. "हिचे वडील गावशाळेत मास्तर. मोडी तिला त्यांनीच शिकवली. मी विसरूनच गेलेलो."

"आता नीट ऐका," मी म्हणालो. "ही सही खोटी असेल तर टेबलावरची प्रत्येक सही खोटी आहे. मक्ते खोटे, अर्ज खोटे. त्या खऱ्या असतील तर तुम्ही दिलेल्या मुभेनं खऱ्या आहेत, आणि मग ही एकच खोटी कशी म्हणायची?"

"मक्त्यात माझं जायचं काय होतं, सायब? ह्यात माझी कलमं जातील." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "पोरीचं लगीन झालं, सासरच्यांनी नोकरी करू दिली नाय, तर कर्ज कोण फेडील? निधीवाले कुणाच्या दारात येतील? आणि मला वाईच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

हा माणूस दुष्ट नव्हता. त्याची भीती खरी होती आणि त्याचा अपमानही खरा होता. दोन्ही गोष्टी मी जबाबात लिहिल्या.

मग काकूंना बोलावले. मुकादम समोरच बसले होते. मी दप्तराकडे हात केला आणि म्हणालो, "बाई, आता बोला."

त्या बोलल्या, आणि सरळ बोलल्या. "सही मीच केली. ह्यांना विचारलं नाय, ती माझी चूक. विचारलं असतं तर नाय म्हणाले असते. पण आधी मी माझीच सही केलेली."

"म्हणजे?"

"माझ्या बापानं मला माहेरच्या गावात बारा कलमं लिहून दिलीत. माझ्या नावावर हायत, कागद हाय. पहिल्या अर्जात जामीन म्हणून मी माझं नाव घातलं, कलमांची नक्कल जोडली. अर्ज परत आला. वर लिहिलेलं, घरातल्या कर्त्या पुरुषाची सही पाहिजे." त्यांनी पदरातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "गेल्या सालापर्यंत घरातला पुरुष मुंबईला. वीस वर्षं कर्ता पुरुष म्हणून सही कोण करत होतं? मीच ना? मग तीच केली."

मी परत आलेला अर्ज पाहिला. सांगत होत्या ते अक्षर नि अक्षर खरे होते.

मुकादम म्हणाले, "पण पोरीनं पैसे फेडले नाय तर?"

"आपला मुलगा मुंबईला शिकायला गेला तवा हे कुणी विचारलं नाय," काकू त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "तुम्ही मुकाट जामीन राहिलात. एक वर्षात तो परत आला. तवाही कुणी काय बोललं नाय."

मी जबाब वाचून दाखवला, काकूंनी मान डोलावली.

अहवालात मी लिहिले की, सही फिर्यादीच्या पत्नीने केली आहे. पतीच्या नावे सही करण्याची तिला वीस वर्षांची मुभा होती. फसवणुकीचा हेतू दिसत नाही. फिर्यादीस प्रकरण पुढे चालवण्याची इच्छा नाही. शेवटचे वाक्य लिहिण्याआधी मी मुकादमांना तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "नाय चालवायचं म्हटलं ना." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी फिर्याद काढून टाकली. तरी जामीन कायम राहिला असे नव्हे. मुकादमांनी तो नाकारला होता आणि तसा हक्क त्यांना होता. निधीला सगळे खरे कळवणे भाग होते, आणि कळवले की कर्ज जाणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होते.

पत्र मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिले. त्यात त्यांनी काही लपवले नाही. सही कुणाची, का केली, पहिला अर्ज का परत आला, हे ओळीने लिहून काकूंच्या कलमांचा कागद जोडला. शेवटी एवढेच विचारले की, ज्या बाईच्या सहीवर वीस वर्षे घर चालले तिची स्वतःची सही निधीला का चालू नये? जाता जाता बाई मला म्हणाल्या, "या निधीतून आमच्या शाळेच्या तीन मुलींना कर्ज मिळायला हवं होतं. दोघींचे अर्ज 'कर्त्या पुरुषा'च्या याच ओळीपाशी अडकले. त्यांच्या घरी मोडी येणारं कुणी नव्हतं, म्हणून ते तुमच्यापर्यंत आले नाहीत."

दहा दिवस उत्तर नव्हते. कॉलेज उघडायला आठवडा उरला होता. मग तार आली: काकूंचा जामीन मान्य, नवा कागद पाठोपाठ येत आहे.

त्या कागदावर मामलेदार कचेरीत सही व्हायची होती. मला साक्षीदार म्हणून बोलावले होते. कारकुनाने बोटाने जागा दाखवली. काकूंनी टाक शाईत बुडवला, निथळला आणि हात कागदावर टेकवून थांबल्या. मला वाटले घाबरल्या. पण त्या मान वर करून कारकुनाला विचारत होत्या, "माझं नाव कसं घालू? माहेरचं की सासरचं?" पहिला अर्ज मुख्याध्यापिकाबाईंनी भरला होता, बाईंनी सांगितले तसे काकूंनी नाव लिहिले होते. एरवी वीस वर्षे नवऱ्याचे नाव डोळे मिटूनही लिहू शकणाऱ्या त्या बाईला स्वतःच्या नावाची सवय नव्हती. कारकुनाने सासरचे सांगितले. त्यांनी सावकाश लिहिले. मुकादम दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

बोटी बंद झाल्या होत्या, म्हणून मुलीला घाट चढून सर्व्हिस मोटारीने कोल्हापूरला आणि तिथून आगगाडीने जावे लागले. तिच्याबरोबर कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा मुकादम म्हणाले, "मुंबई मला ठाऊक हाय. मीच जातो." आणि ते गेले. तिला वसतिगृहात सोडून, तिथल्या स्वयंपाकघरात जेवण कसले मिळते ते स्वतः पाहून परत आले, असे हवालदाराने मला सांगितले.

पुढल्या वर्षी निधीने आपला छापील अर्जच बदलला. 'घरातील कर्ता पुरुष' हे शब्द गेले आणि नुसते 'जामीनदार' राहिले. मुख्याध्यापिकाबाईंनी तो कोरा अर्ज मुद्दाम ठाण्यावर आणून दाखवला. अडकलेल्या दोघींपैकी एकीचे लग्न झाले होते. दुसरी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेली, तिच्या विधवा आईच्या सहीवर.

माझी नंतर खानदेशात बदली झाली. बऱ्याच वर्षांनी दापोलीला तपासणीसाठी गेलो असताना कळले की मंडणगडच्या बाजूला एक लेडी डॉक्टर आहे, रत्नागिरीची. मी जाऊन भेटलो. दवाखान्यात गर्दी होती. तिने मला लगेच ओळखले, पण आधी रांगेतल्या बायका संपवल्या. कर्ज तिने मुदतीआधी फेडले होते. काकू तिच्याकडेच राहायला होत्या, मुकादम गावी कलमांपाशी.

"तुम्ही मला बोटीवर चढू दिलं नाहीत, त्याचा फार राग होता," ती हसून म्हणाली. मी म्हणालो, "तो असायलाच हवा होता."

त्या सहीच्या प्रकरणाआधी मी शेकडो जबाब घेतले होते. गुन्हा कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, हे विचारायला आम्हाला शिकवलेले असते. त्या प्रकरणानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: याआधी तुम्ही सरळ वाटेने प्रयत्न केला होता का, आणि तिथे काय झाले? पुष्कळांकडे या प्रश्नाचे उत्तर नसते, आणि मग तपास नेहमीसारखा चालतो. पण अधूनमधून कुणीतरी घडी घातलेला एखादा परत आलेला कागद काढून समोर ठेवते. त्या प्रकरणाआधीच्या दहा वर्षांत असे किती कागद माझ्यासमोर न येताच राहिले असतील, ते मला ठाऊक नाही. मी विचारलेच नव्हते.