एक्केचाळिसावं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. आणि आता डोंबिवलीच्या या दोन खोल्यांत सांगायला आहे कोण? म्हणून तुला सांगतो.

मी एक पुस्तक लिहिलं होतं. कोबोलवर, मराठीतून. ऑफिसच्या कामासाठी वापरायची ही कॉम्प्युटरची जुनी भाषा — तेव्हा मी क्लासमध्ये शिकवायचो. पुस्तक आलं आणि माझी मान जरा जास्तच ताठ झाली. स्वतःचं नाव छापलेलं किती वेळा उघडून बघितलं, ते विचारू नकोस.

त्यात एक चूक होती. कोबोलमध्ये ओळीची पहिली सात घरं, म्हणजे सात अक्षरांची जागा, मोकळी सोडून मग लिहावं लागतं, नाहीतर मशीन नुसत्या चुका दाखवतं. छापखानेवाला म्हणाला, ओळी पानात मावत नाहीत. मी म्हटलं, ओढा सगळं डावीकडे. आणि सात घरं सोडा, असं सांगणारी ओळ — ती मी कुठेच लिहिली नव्हती. मला ते इतकं अंगवळणी पडलेलं, की लिहायचं सुचलंच नाही.

बाकीची मुलं आधीच्या बॅचच्या वह्या उतरवायची, त्यांचं निभावून जायचं. सुनंदा विठ्ठलवाडीहून यायची, उशिरा दाखल झालेली, तिच्याकडे फक्त माझं पुस्तक. मशीन आठवड्यातून एकच तास मिळायचं. एक्केचाळिसाव्या पानावरचा प्रोग्राम ती घरून कागदावर लिहून आणायची आणि अक्षर न् अक्षर टाइप करायची. तीन आठवडे. तिन्ही वेळा नुसत्या चुका. शेवटी पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, जसाच्या तसा टाकलाय ओ. तरी एरर देतो."

मला एका नजरेत कळलं. एका नजरेत! पण सगळा वर्ग बघत होता. कबूल करायला काय लागलं असतं — दोन वाक्यं? मी म्हणालो, "छापलेलं पुस्तक चुकेल का? अगं, तुझंच डोकं ठिकाणावर नाही." मुलं हसली. मीही हसलो. पुढच्या आठवड्यात तिच्या तासाला मशीन रिकामं होतं, आणि त्यानंतरही ती आली नाही.

दुसऱ्या आवृत्तीत मी ती ओळ गुपचूप घातली. सुनंदाचा पत्ता फॉर्मवर होता. एक पत्र टाकलं का मी? नाही.

गेल्या महिन्यात ठाकुर्लीला डोळ्यांच्या दवाखान्यात एक बाई समोर आली. "सर, ओळखलंत? विठ्ठलवाडीची सुनंदा." सोबत तिची मुलगी होती, तिला म्हणाली, "हे माझे सर. कॉम्प्युटरवर पुस्तक लिहिलंय यांनी, मी अजून जपून ठेवलंय. सर शिकवायचे चांगलं गं, मीच मठ्ठ."

आता तरी बोलायचं होतं ना? मी घसा खाकरला. आणि म्हणालो, "असू दे गं. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

ती वाकून पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.