फुलवंताच्या झाडाखालचा धूर

फुलवंता गेली, पण तिला आग लावणारी म्हणणारे अजून गावात आहेत. म्हणून हे लिहितो. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

देवरीच्या पलीकडे, टेकडीखालच्या खोलगटात तिच्या वाट्याची चार मोहाची झाडं होती. बाई विधवा, वर्षाचं तेल-मीठ त्या फुलांवर. पडलेली फुलं दिसावीत म्हणून बाकीचे झाडाखालचा पाला पेटवत. ही खराट्याने झाडायची. आगीला भ्यायची.

२००४ च्या मार्चमध्ये एका पहाटे वनरक्षक आला. तिच्या झाडांखाली कमरेएवढा धूर साचलेला. त्याने तिला तशीच जंगलखात्याच्या कचेरीत नेली. आम्ही गावातले चार जण मागोमाग गेलो.

"आग लावली काऊन वो बाई?" कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

"मी त झाडून राहिली होती, साहेब. राख दाखवा ना कुठं हाये!"

"मग धूर काय आभाळातून पडला?"

"टेकडीवरून उतरला. वर तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या मानसाईनं नवी पानं फुटावी म्हून पाला पेटवला."

सगळे हसले. "धूर खाली उतरते म्हणते!" वनरक्षक म्हणाला. "शाळेत गेलती का कधी?"

ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी त शिकवता. सांगा ना याईले."

शिकवत तर होतोच. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडून देते आणि गार पडते. तिला टेकलेली हवाही गार, जड होते. जड हवा वर चढत नाही. उतारावरून पाण्यासारखी खाली येते, धूर सोबत घेऊन, आणि ऊन तापेपर्यंत खोलगटात बसून राहते. दरवर्षी फळ्यावर काढायचो. त्या दिवशी चाचरत दोन वाक्यं बोललो. साहेब म्हणाले, "हे पोराईले सांगा, गुरुजी." मी खाली बसलो. त्या बसण्याचा राग अजून जात नाही.

फुलवंता बसली नाही. "उद्या सकाळी सहाले या. वर पाला पेटवा आन् खाली माझ्या झाडाखाली उभे राहा. ढग असन त नका येऊ, ढगात असा नाही उतरत."

"येवढा टाइम नाही. कबुलीवर अंगठा मार अन् जा. नाही त यंदा झाडाखाली पाय ठेवायचा नाही."

"न केलेल्याचा अंगठा? कायले देऊ?"

नाहीच दिला.

सकाळी कोणी आलं नाही. ठेकेदाराला कोणी विचारलंही नाही. तीन आठवडे तिच्या झाडांची फुलं गुरांनी खाल्ली, आणि ती पोटासाठी दुसऱ्यांची फुलं मजुरीने वेचत होती. पाला पेटवणाऱ्यांचीच.