मनकर्णेच्या वेचणीचा कापूस

९ जानेवारी १८६४ रोजी सूर्यभानने अमरावतीच्या बाजारात मनकर्णेचा कापूस सतरा रुपये सहा आण्यांना विकला. भाव चढा होता, मापात खोट नव्हती. चूक एवढीच, की त्याने तिला विचारले नव्हते.

मनकर्णा त्याची बायको. माहेर बार्शीटाकळीचे, सासर भातकुलीचे. लोकांच्या शेतात वेचणीला गेलेल्या बाईला त्या दिवशीच्या कापसातला थोडा वाटा मिळे, आणि तो तिचा, असा रिवाज होता. दसऱ्यापासून तिने तो साठवला होता. त्यातून तिला एक वगार घ्यायची होती, म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस. सासूला, पार्वताबाईंना, हे ठाऊक होते. नवऱ्याने कधी विचारलेच नव्हते.

सूर्यभान मनाचा वाईट नव्हता. त्या पैशांचे त्याने तिच्यासाठीच चांदीचे तोडे आणले. शेजारची मैनाबाई म्हणाली, "नशीब काढलं वं पोट्टी. आमच्याले कधी पितळ बी सुचलं नाही."

मनकर्णेने तोडे कोनाड्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी ती वेचणीला गेली नाही.

वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने बोलायचे नाही, अशी घरची रीत. त्यामुळे सूर्यभानने आपले गाऱ्हाणे नेले ते नबी पिंजाऱ्याकडे.

"तिचा कापूस इकून तिलेच चांदी आणली, तरी तोंड फुगवून बसली हाये."

नबीने पिंजण थांबवली. "सूर्यभान भाऊ, कल मैं तेरे बैल बेच दिया तो?"

"गाडीखाली घालीन तुले."

"सुन तो. उसी पैसे का तेरे वास्ते जरी का फेटा लाया तो? एकदम बढिया."

"बैल माहे हायेत. तू कोण इकणारा?"

नबी पुन्हा कापूस पिंजू लागला. सूर्यभान उठून घरी आला.

अंगणात मनकर्णा शेणी रचत होती, पार्वताबाई डाळ निवडत होत्या. सूर्यभान बैलापाशी गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाला, "ढवळ्या, तिचा माल मी न इचारता इकला. माहं चुकलं. आता काय कराचं, ते तिनंच सांगावं."

मनकर्णा शेणीकडे पाहत म्हणाली, "बैलाले म्हणा, तोडे मोडा. मले वगार घ्याची हाये. अन् घेतांना मी संगं येईन."

"मुक्या जनावराले काहून ताप देता?" पार्वताबाई म्हणाल्या. "मी बहिरी नाही अन् तुमी मुके नाही. बोला सरळ."

दोघांनाही हसू आले. मग मनकर्णेने त्याच्याकडे पाहून विचारले, "अन् पुढं?"

"पुढं तुह्या मालाले इचारल्याबिगर हात लावत नाही."

"अन् शेतातल्या कापसाचं?"

"ते बी तुह्या कानावर घालीन."

"कानावर घालू नका. इचारा."

"पोट्टी भाव वाढवून राहिली," पार्वताबाई म्हणाल्या.

"बाजारच चढा हाये," सूर्यभान म्हणाला. "इचारीन."

दोघे अमरावतीला गेले. सोनाराने तोडे परत घेतले, पण पुरे पैसे दिले नाहीत. गुरांच्या बाजारात मनकर्णेने तीन वगारी पाहिल्या, दात तपासले, आणि चौथीसाठी विकणाऱ्याशी घासाघीस करून एक रुपया कमी करवला. तेवढा वेळ सूर्यभान गप्प राहिला. ते त्याला सोपे गेले नाही. सौदा झाल्यावर विकणाऱ्याने दोर त्याच्यापुढे धरला.

"तिच्या हाती द्या. वगार तिची हाये."

"मंग तुमी कोण?"

"मी निस्ता गाडीवान."

"गाडीवान बरा हाये," मनकर्णा म्हणाली आणि तिने दोर घेतला.

परतीच्या वाटेवर त्यांनी हिशेब केला. तोड्यांचे चौदा रुपये दहा आणे आले होते. तुटीचे दोन रुपये बारा आणे सूर्यभानने तिला भरून द्यायचे ठरले. होळीपर्यंत त्याने अडीच रुपये दिले. चार आणे द्यायचे राहिले.