पुठ्ठेमास्तर विद्यापीठ तपासायला जातात

पुठ्ठेमास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. ते पुस्तकं बांधायचे. गावातल्या कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं दुकान होतं, आणि कॉलेजातून जे काही बाहेर पडे, प्रबंध, अहवाल, प्रयोगवह्या, ते सगळं त्यांच्या हातून पुठ्ठ्यात जाई. तीस वर्षं विद्या हाताळल्यामुळे आपल्याला ती आली आहे असा त्यांचा समज होता, आणि तो दूर करायच्या भानगडीत घरातलं कुणी पडत नसे.

मोठ्या शहरातल्या विद्यापीठात मुलीला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते आधी उजेडात धरून कागदाची जाडी पाहिली.

"हलका कागद. पत्राला असला वापरतात, तर शिकवत काय असतील?"

"अहो, मजकूर वाचा," बायको म्हणाली.

मजकूर त्यांनी दोनदा वाचला होता. आठ दिवसांत होकार कळवायचा होता. दुखणं निराळंच होतं. मुलगी बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून पुस्तकं शिवत होती, आणि तिच्याइतका सारखा टाका त्यांचा स्वतःचाही पडत नसे. बरं, टाके कुणीही घालेल. पण दिवसभर मास्तर ज्याला त्याला नावं ठेवायचे, ते ऐकून हसायचं कोणी? "तू जाऊ नकोस" हे तीन शब्द बोलायला जीभ रेटेना. म्हणून त्यांनी जाहीर केलं, "मी स्वतः जाऊन तपासणार. पटलं तर हो म्हणू. नाहीतर समोरचं कॉलेज काय वाईट आहे?"

"कशावरून तपासणार, बाबा?" मुलीने विचारलं.

"ग्रंथालयावरून. पुस्तकं कशी बांधलीत ते बघितलं की संस्थेचं पाणी कळतं."

लोक वसतिगृह बघतात, शिकवणारे कोण ते विचारतात, पुढे नोकऱ्या लागतात का याची चौकशी करतात. मास्तरांना असल्या किरकोळ गोष्टींत रस नव्हता.

मुलीला बरोबर घेऊन ते निघाले. विद्यापीठ इतकं मोठं होतं की फाटकापासून ग्रंथालयापर्यंत बसने जावं लागलं. "अर्धा दिवस प्रवासात," मास्तरांनी पहिला दोष काढला. दारात पिशवी ठेवून घेतली, हा दुसरा. आत शिरल्यावर मात्र त्यांना शोधावं लागलं नाही. पहिलं पुस्तक ओढलं तर त्याची पाठ सुटलेली. दुसऱ्याचा पुठ्ठा हातातच आला. तिसऱ्याला चक्क चिकटपट्टी! पुस्तकाला चिकटपट्टी लावणाऱ्याला मास्तर माणसात धरत नसत. त्यांचा चेहरा असा खुलला की पाहणाऱ्याला वाटावं, यांच्याच मुलीचा पहिला नंबर आलाय.

"बघ! बघ ही दशा!" ते ओरडले. पन्नास डोकी वर झाली. मास्तरांनी सात-आठ पुस्तकं छातीशी धरली आणि तडक टेबलामागच्या ग्रंथपाल बाईंपुढे नेऊन आदळली.

"बाई, हे ग्रंथालय आहे की रद्दीचं दुकान? आमच्या कॉलेजात मी बांधलेली पुस्तकं वीस-वीस वर्षांची आहेत. एक टाका सुटला नाही. एक पुस्तक दुरुस्तीला परत आलं नाही!"

बाईंनी वरचं पुस्तक उलटून पाहिलं. "हे मागच्याच वर्षी बांधून घेतलं. वर्षाला साठ-सत्तर जण नेतात, टिकणार किती? तुमच्याकडची किती जण नेतात?"

नव्याने बांधलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडताना पाठ कुरकुरते, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक होतं? गेल्याच महिन्यात कॉलेजच्या कपाटातला वीस वर्षांपूर्वीचा एक प्रबंध त्यांनी उघडला, तेव्हा तो कुरकुरला होता. आपली बांधणी अजून नव्यासारखी आहे म्हणून त्यांचा ऊर तेव्हा भरून आला होता. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधाराला म्हणून त्यांनी मुलीकडे पाहिलं. आदळलेल्या ढिगातलं एक पुस्तक उचलून, सुटलेली पानं अंगठ्याने दाबून धरत, ती उभ्यानेच वाचत होती. त्यांनी दोनदा हाक मारली. तिला ऐकू गेली नाही.

घरी परतल्यावर त्यांनी होकार स्वतःच्या हाताने टपालात टाकला. पण जीभ थोडीच सुधारणार! दुसऱ्या दिवशी कॉलेजचा कारकून दुकानात आला, तर त्याला ऐकवलं, "विद्यापीठ? भिकार! पुस्तकांच्या नुसत्या चिंध्या. पण पाठवतोय मुलीला. तिथं शिवण जाणणारं कुणीतरी हवंच की."

कारकून मान डोलवत गेला. मुलीने सुई खाली ठेवली.

"बाबा, मी तिथं पुस्तकं शिवायला जात नाहीये."

"माहीत आहे."

"मग असं का सांगता?"

मास्तर दोऱ्याला मेण लावत राहिले. लावून झालं, तरी लावत राहिले.

"खरं सांगायला गेलो तर रडू येईल," ते म्हणाले, "आणि दुकान उघडं आहे."

मुलगी उठली आणि भर दुपारी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला, तिने शटर खाली ओढलं. मग पुठ्ठेमास्तर पोटभर रडले.