डेकर्सचा स्वतःचा आवाज

व्हेरोना टलॉकनं डेकर्सला कधीच माफ केलं, असं सगळी गल्ली म्हणायची. चर्चमध्ये ती त्याला हसून गुड मॉर्निंग म्हणायची ना. लोकांचं काय, दात दिसले की त्यांना हसू वाटतं. बाईनं एकोणीस वर्षं डूख धरला होता.

तेविसाव्या वर्षी चर्चच्या जुन्या कीबोर्डवर तिनं एक रिदिम बांधला. शब्द नाहीत, नुसता ठेका आणि खालून घुमणारा बेस. तबकड्या काढणाऱ्या डेकर्सनं तो उचलला आणि किंग्स्टनच्या बावीस गायकांकडून त्या एकाच रिदिमवर बावीस वेगवेगळी गाणी गाऊन घेतली. प्रत्येक तबकडीवर रिदिमचा कर्ता म्हणून छापलं डेकर्सचं नाव. ती जाब विचारायला गेली, तर सगळ्या स्टुडिओसमोर तो म्हणाला, बायका प्रार्थना वाजवतात, रिदिम बनवत नाहीत. सगळे खो खो हसले. ती शाळेचे गणवेश शिवत बसली, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बसमधून तिचाच रिदिम तिला ऐकू येत राहिला.

यंदा स्वातंत्र्यदिनाच्या दुपारी डेकर्सच्या साउंडची, म्हणजे मैदानात गाणी लावणाऱ्या त्याच्या ताफ्याची, तरुण फिट्झच्या साउंडशी जुंपणार होती. समोरासमोर स्पीकरच्या दोन भिंती. ज्याची गाणी लोक डोक्यावर घेतील तो जिंकला. अशा वेळी बड्या गायकाकडून समोरच्याची नाचक्की करणारं खास गाणं गाऊन घेतात. पण बडे गायक सगळे डेकर्सच्या मुठीत. फिट्झ हवालदिल झाला होता. तेव्हा व्हेरोना त्याच्याकडे एक कॅसेट घेऊन गेली. रिदिम बांधला त्या दिवशी तिचा टेपरेकॉर्डर चालूच होता.

"कुणाच्या पाया पडू नकोस," ती म्हणाली. "डेकर्सला डेकर्सच मारेल."

सामन्यात शेवटच्या डावाला डेकर्सनं तोच रिदिम लावला आणि माइकवर छाती फुगवून सांगितलं, हा माझ्या हातचा. मग फिट्झची पाळी आली. त्यानं कॅसेट लावली. स्पीकरच्या भिंतीतून तरुण डेकर्स अजिजीनं बोलू लागला, "व्हेरोना, तुला हे सुचलं तरी कसं? पुन्हा वाजव ना. माझी बोटं अडखळतात गं."

आणि मागोमाग तिचा रिदिम सुरू झाला.

 मग लोकांनी भांड्यांच्या झाकणांनी कुंपणाचे पत्रे बडवायला सुरुवात केली. पत्रा वाजला की गाणं थांबवून पहिल्यापासून लावायचं, हा इथला कायदा. फिट्झनं तीनदा लावलं. तिन्ही वेळा डेकर्स साऱ्या किंग्स्टनसमोर तिच्या विनवण्या करत राहिला.

डेकर्स गर्दीतून वाट काढत सूपवालीच्या गाड्यापाशी आला. व्हेरोना तिथंच उभी होती. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता.

"पुरे कर, व्हेरोना. माझी नातवंडं आहेत इथं. उद्या सगळ्यांना सांगतो, रिदिम तुझा आहे म्हणून."

या घटकेला आपल्याला त्याची कीव येईल, अशी तिला इतकी वर्षं धास्ती वाटायची. कीव आली नाही. उलट फार बरं वाटलं.

तिनं सूपवालीकडून पातेल्याचं झाकण मागून घेतलं आणि त्याच्या देखत पत्रा बडवायला लागली. फिट्झनं पुन्हा पहिल्यापासून लावलं.