आनंदरावांनी दिलेला होकार

आनंदराव रणपिसे भोरचे. त्यांच्या वस्तीतून मॅट्रिक होऊन कारखान्यात लागलेले ते पहिलेच. शिवऱ्याजवळ रस्त्याला लागून पंपांचा कारखाना निघाला, तिथे ते कारकून म्हणून लागले आणि त्र्याहत्तर साली स्टोअरचे सुपरवायझर झाले.

त्याच वर्षी मालकांनी मालाचा हिशेब पुण्यात कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरवलं. स्टोअरमधून जो सुटा भाग बाहेर जाईल त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी पुण्याला पाठवायची. तिथे त्यावरून भोकं पाडलेली कार्डं बनत आणि मशीन शिल्लक छापून देई. तोवर स्टोअरमध्ये सगळं नावांवर चाले: डबी, उखळी, टोपडं. ही नावं कामगारांनीच पाडलेली.

माल देण्याचं काम गेनबाकडे होतं. नसरापूरचा माणूस, आनंदरावांहून वयानं मोठा, मराठी तिसरी शिकलेला. नंबरांचा तक्ता बघून तो म्हणाला, "आनंदराव, ह्ये इंग्रजी आकडे. माजा घोळ व्हतोय. थोडे दिस शिकवा की."

"होईल हो सवयीनं," आनंदराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "तुमची माणसं तयार आहेत ना?"

"तयार आहेत साहेब."

नवी पद्धत सुरू झाली. उखळीच्या नंबरातला चार गेनबा आपल्या सवयीचा मराठी काढायचा. पुण्यात तो इंग्रजी आठ म्हणून वाचला जाई आणि उखळी भलत्याच भागाच्या खात्यावर पडे. उखळ्या संपत आल्या तरी मशीनच्या कागदावर ढीगभर शिल्लक दिसायच्या, म्हणून नव्या मागवल्याच गेल्या नाहीत. एका सकाळी पंपजोडणी बंद पडली. कामगारांना बिनपगारी घरी पाठवलं.

"चिठ्ठ्या कोणाच्या हातच्या?" साहेबांनी विचारलं.

"गेनबाच्या," आनंदराव म्हणाले. त्यानं शिकवायला सांगितलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. गेनबाला कामावरून काढलं.

आनंदरावांना जेवण जाईना. रविवारी ते एसटीनं नसरापूरला गेले. गेनबाची बायको बाळाबाई पाणी देऊन आत गेली. गेनबा दावं वळत बसला होता.

"म्या सांगितलं व्हतं तुमास्नी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"व्हय," आनंदराव म्हणाले.

सोमवारी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब संतापले. "मग तेव्हा होय का म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर मीच लायक नाही असं ठरलं असतं, असं वाटलं."

त्यांची सुपरवायझरकी गेली. कार्डांचं काम काही महिने थांबवलं. तेवढ्या काळात आनंदराव जेवणाच्या सुट्टीत फरशीवर खडूनं आकडे काढून माणसांना शिकवू लागले. हमालसुद्धा येऊन बसत. पुन्हा कार्डं सुरू झाली तेव्हा काम सुरळीत चाललं.

गेनबाला परत बोलावलं, पण त्यानं स्टोअरमध्ये जायला नकार दिला. पॅकिंगला लागला. त्या फरशीकडे तो कधी फिरकला नाही.

संध्याकाळी दोघं एकाच थांब्यावर एसटीची वाट बघत. एकदा आनंदराव म्हणाले, "गेनबा, माझं चुकलं."

"झालं ते गेलं," गेनबा म्हणाला आणि तंबाखूची चंची त्यांच्यापुढे धरली.

आनंदरावांनी चिमूट घेतली. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना भोर येईपर्यंत वाटत राहिलं.